धुऱ्याकडच्या पाच ओळी

माझ्या सासूबाईंच्या वावरातून पाच गावांत गुलाबी बोंडअळीचे पतंग पसरतात, हे मी भर ग्रामसभेत, माइक हातात धरून, पडद्यावर नकाशा दाखवून सांगितलं. सासूबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. जावई बोलणार म्हणून घडीची साडी नेसून आल्या होत्या.

सन २०४३चा नोव्हेंबर. गाव आमगव्हाण, जिल्हा यवतमाळ. मी प्रज्वल ताजने, तिथला कृषी सहायक. बायकोच्या माहेरी नेमणूक होणं म्हणजे काय, ते ज्याची झाली त्यालाच कळेल. घरोघरी चहा मिळतो, पण सल्ला कुणी मनावर घेत नाही. गावाच्या लेखी मी आधी वनमालाबाई भोयरांचा जावई आणि मग जमलंच तर सरकारी माणूस. त्या दिवशी मला हे उलटं करून दाखवायचं होतं, आणि त्यासाठी माझ्या हाताशी यंत्र होतं.

यंत्राचं कागदावरचं नाव होतं वंशवेध. गावकऱ्यांनी त्याचं बारसं केलं होतं ‘कुळकाढ्या’. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. मादीच्या वासाचं आमिष असलेल्या कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगाचा एक पाय तिच्यात टाकायचा, चाळीस मिनिटं थांबायचं. पेटी त्या पायातला डीएनए वाचते. एकाच जातीचे पतंग दिसायला सगळे सारखे, पण जे पिढ्यानपिढ्या एका ठिकाणी वाढले त्यांच्या डीएनएत बारीकसारीक फरक साठत जातात. माणूस दोन वाक्यं बोलला की तो दारव्ह्याचा की हिंगणघाटचा हे आपण ओळखतो, तसं ही पेटी पतंग कुठल्या वावरातला ते ओळखायची. सहा महिन्यांत जिल्हाभरच्या पतंगांची कुळं नकाशावर आली. कुठल्या गावचं पाखरू कुठवर उडतं, कापसाच्या गाडीतून कुठवर जातं, सगळं दिसू लागलं.

यंत्र चांगलं होतं. लोक आपल्या स्वभावावर गेले. ‘तुमच्या गावची अळी आमच्या वावरात आली’ असं आता पुराव्यानिशी म्हणता येऊ लागलं. एसटीच्या थांब्यावर हमरीतुमरी झाली, शेजारच्या दोन गावांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं, एक ठरलेली सोयरीक मोडली. मग आदेश निघाला. जे वावर पतंगांचं उगमक्षेत्र ठरेल, तिथली किडकी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, सात दिवसांत उपटायची आणि कृषी सहायकासमोर जाळायची. उगम कुठला, एवढंच यंत्राला विचारायचं. यंत्र आणखीही बरंच सांगत होतं, पण आदेशात त्याचा रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते वाचायचं नाही, ही शिस्त माझ्या अंगात मुरलेली.

पडद्यावर पाच गावांचे सापळे दाखवले. त्यातले निम्म्याहून जास्त पतंग एकाच कुळातले निघाले. नकाशावर त्यांचा माग काढत गेलं की बोट येऊन थांबत होतं ते गट नंबर ११२च्या धुऱ्यावर, म्हणजे वनमालाबाईंच्या वावराच्या बांधावर.

सभेत कुजबुज झाली. सरपंच दिगांबर उमरे माझ्याकडे असं पाहत होते, जणू मी आत्ताच वयात आलो.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. “जवाईबापू, एक विचारू का?”

“विचारा न मामी.” आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात.

“सापळ्यात पाखरं लय हायेत, बरोबर. पण आपल्या पाच गावच्या बोंडात अळी नाई. पलीकडच्या तालुक्यातबी पाखरं एवढीच, पण तिथली बोंडं सडली. हे कसं?”

प्रश्न फार चांगला होता. पण माझ्या हातात माइक होता, आणि माइक हातात असलेल्या माणसाला प्रश्न चांगला आहे की वाईट हे कळत नाही. मी हसून म्हणालो, “मामी, हे विज्ञान आहे. यंत्र खोटं बोलत नाही.”

लोक हसले.  सासूबाई म्हणाल्या, “बरं. तुमी म्हणता तं उपटू.” आणि खाली बसल्या.

त्या धुऱ्याची गोष्ट सांगायला हवी. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारं कापसाचं बियाणं आता सगळेच लावतात. त्या थैलीत एक छोटं वेगळं पाकीट येतं. त्यातलं बी साधं, विष नसलेलं. सरकारी भाषेत त्याला आश्रयाचं बी म्हणतात, गावात ‘रेफूजी’. ते वावराच्या चारी बाजूंनी पाच ओळी लावायचं असतं. ते कुणीही लावत नाही. अळीला बोलावून जेवू घालायचं कशाला, असा सरळ हिशेब. थैली फोडली की पाकीट उकिरड्यावर जातं, नाहीतर धुऱ्याला त्याच्या जागी तूर येते. मी स्वतः चार वर्षं कृषी सहायक होतो, पण कुणाला हटकलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या वावरातही तेच चालायचं.

वनमालाबाई मात्र लावायच्या. त्याचं कारण अगदी साधं आहे आणि मला ते फार उशिरा समजलं. त्यांना पंचविसाव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. मग बचत गटाच्या बायकांनी संध्याकाळचा वर्ग चालवला, त्यात त्या वाचायला शिकल्या. तेव्हापासून छापलेला कागद त्यांच्या हातून सुटत नाही. कुकरबरोबर आलेलं पुस्तक, औषधाच्या खोक्यातली घडी, गॅसच्या नळीवरची सूचना. ज्या गोष्टी जगात कुणी वाचत नाही त्या सगळ्या त्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आणि त्यात लिहिल्याप्रमाणे वागतात. कुणीतरी एवढा त्रास घेऊन आपल्यासाठी लिहिलं, तर आपण वाचायला नको का, असं त्यांचं म्हणणं. बियाण्याच्या थैलीतल्या कागदावर लिहिलं होतं: चारी बाजूंनी पाच ओळी लावा, त्यांवर फवारणी करू नका. त्यांनी चौदा वर्षं लावल्या आणि चौदा वर्षं फवारल्या नाहीत. लोक त्या ओळींना ‘वनमालाबाईचं अन्नछत्र’ म्हणायचे. मीही म्हणायचो, अर्थात घरी नाही.

घरी त्या दिवशी माझ्या बायकोने, प्रणालीने, मला जेवायला वाढलं. ताट समोर ठेवून ती म्हणाली, “आईनं तुम्हाला प्रश्न विचारला होता.”

“हो. मी उत्तर दिलं.”

“तुम्ही हसलात. उत्तर दिलं नाही.”

यापुढे ती एक शब्द बोलली नाही. मी मात्र बोलत राहिलो. आदेश कसा आहे, माझी नोकरी कशी आहे, सासू म्हणून सवलत दिली असती तर पाच गावांनी मला कसं धारेवर धरलं असतं. सगळं खरं होतं. प्रणालीने ताटं उचलली, घासली, पालथी घातली. तिचं ते गप्प राहणं मला सहन होईना, म्हणून मी मुकाट्याने लॅपटॉप उघडला. उपटण्याआधी उगमक्षेत्राची पूर्ण माहिती नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवायची असते. रकाने नसलेलंही सगळंच मी पाठवून दिलं.

सकाळी आठ वाजता मी पऱ्हाटी जाळण्याचा पंचनामा करायला निघालो होतो. गाडीला किक मारली तोच फोन वाजला. प्रयोगशाळेच्या डॉ. तस्लीम काझी. त्यांच्याशी मी यापूर्वी दोनदाच बोललो होतो. त्यांनी नमस्कारही केला नाही.

“ताजने, गट नंबर ११२. त्या ओळी उभ्या आहेत ना?”

“आज जाळतोय, मॅडम.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “काडी लावू नका. ऐका. तुम्ही दुसरं पान पाहिलं का? ग्राही की प्रतिकारक, म्हणजे अळी विषाने मरते की जगते, ते पान?”

“त्याचा रकाना नव्हता, मॅडम.”

“रकाना!” त्या एवढंच म्हणाल्या आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी मला जे सांगितलं ते मी गाडीवर बसल्या बसल्या ऐकलं.

कापसातलं विष अळीच्या पोटात गेलं की त्याला आतड्याच्या भिंतीवर धरून बसायला एक जागा लागते. ती जागा अळीतल्या एका जनुकामुळे तयार होते. कोट्यवधी अळ्यांत एखादीच्या त्या जनुकात चूक असते. तिच्या आतड्यात विषाला बसायला जागाच नसते, ते तसंच निघून जातं आणि अळी मजेत जगते. पण हे जमायला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून चुकीचंच जनुक यावं लागतं. एक जरी धड असलं तरी जागा तयार होते आणि अळी मरते. आता सगळीकडे विषाचीच पऱ्हाटी असली तर काय होणार? धड जनुकाच्या अळ्या सगळ्या मरणार, उरलेल्या चार चुकीच्या अळ्यांची आपसांत लग्नं होणार, आणि दहा वर्षांत विषाला न जुमानणारी फौज उभी राहणार. पलीकडच्या तालुक्यात हेच झालं होतं. म्हणून तिथे बोंडं सडली.

“आणि तुमच्याकडे?” डॉ. काझी म्हणाल्या. “तुमच्याकडे त्या पाच ओळींत दर वर्षी हजारो साधे पतंग जन्मतात. त्यातले नर उडत उडत पाच गावांत जातात. विषाच्या पऱ्हाटीतून वाचलेली एखादी मादी असते, तिच्याभोवती यांचीच गर्दी. पिल्लांना बापाकडून धड जनुक मिळतं आणि ती पहिल्या घासाला मरतात. सापळ्यात नरच अडकतात ना? म्हणून तुमचे सापळे भरलेले आणि बोंडं स्वच्छ. ताजने, जिल्हाभर सगळे पतंग जवळजवळ एका साच्यातून काढल्यासारखे झालेत. विविधता संपत आली. ती फक्त या एका धुऱ्यावर शिल्लक आहे. तुमच्या यंत्राने ते कुळ इतक्या सहज का ओळखलं, सांगा बरं? बाकी सगळ्यांत फरक अगदी थोडे उरलेत म्हणून! कुणी लावल्यात या ओळी? कोण शास्त्रज्ञ आहे तिथे?”

“माझी सासू,” मी म्हणालो.

“मी निघाले,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सात दिवसांची मुदत होती. जावयाने चारचौघांत शब्द टाकला, म्हणून सासूबाईंनी सात तासही घेतले नव्हते. सभा संपल्यावर दुपारीच बचत गटाच्या दहा बायका आणि पऱ्हाटी उपटायचे चिमटे घेऊन त्या वावरात उतरल्या होत्या. मी पोचलो तेव्हा तीन बाजू उघड्या पडल्या होत्या. हिरव्या पऱ्हाटीचा, बोंडांनी लगडलेला डोंगर वावराच्या कोपऱ्यात रचला होता. ओली पऱ्हाटी पेटावी म्हणून त्यावर सोयाबीनचं कुटार, वाळका भुसा, टाकलेलं. नाल्याकडची चौथी बाजू तेवढी उभी होती आणि दोन बायका तिथे वाकल्या होत्या. जावयाने सासूला सोडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून वनमालाबाईंनी निरोप धाडून निम्मं गाव जमवलं होतं. सरपंच काडेपेटी हातात घेऊन माझीच वाट पाहत होते.

“थांबा!” मी नाल्याकडच्या बायकांना ओरडलो. “एक झाड उपटू नका.”

सगळे वळले. मी गाडी तशीच बांधावर टाकली. पळून धाप लागली होती, त्यामुळे माझं विज्ञान फारच तुटक निघालं. पहिलंच वाक्य मात्र मी नीट बोललो. “मी काल सभेत सांगितलं ते चूक होतं.”

सासूबाई चटकन पुढे आल्या. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “जवाईबापू, असं लोकाइसमोर बोलू नका. घरी चला, चहा घ्या. मंग पाहू. उपटलीच हाये, जाळून टाकू. तुमचं हसं नाई झालं पायजे.”

आजही तो क्षण आठवला की मला गलबलून येतं. चौदा वर्षांची त्यांची मेहनत समोर ढीग होऊन पडली होती, आणि त्यांना चिंता माझ्या हशाची.

“होऊ द्या,” मी म्हणालो आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. बापाकडून एक, आईकडून एक. विषाला बसायची जागा. पाच गावांची बोंडं कुणामुळे स्वच्छ राहिली ते.

सरपंच उमऱ्यांनी काडेपेटी खिशात टाकली नाही. “म्हणजे काल अळी वनमालाबाईनं पसरवली,” ते म्हणाले, “अन् आज वनमालाबाईनं वाचवलं. उद्या काय सांगान? तुमचा कुळकाढ्या सासूकडचा झाला का साहेब?”

लोक हसले. कालचं हसणं मी दुसऱ्याला ऐकवलं होतं, आज मला ऐकावं लागलं. दोन्ही बाजूंनी ऐकलं की त्याचा अर्थ नीट कळतो.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” मी म्हणालो. “यंत्रावरही नको. तुमच्याच बोंडावर पाहू.”

दुपारी डॉ. काझी पोचल्या. उंच, सडसडीत बाई, पायात चिखलाचे बूट. वावरात शिरताच त्या आधी वनमालाबाईंकडे गेल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मग कामाला लागल्या. ग्रामपंचायतीच्या टेबलावर स्टीलचे तीन डबे मांडले. पहिल्या दोन डब्यांत सरपंचांच्या वावरातली विषाची कोवळी बोंडं चिरून ठेवली, तिसऱ्यात वनमालाबाईंच्या धुऱ्यावरची साधी. पहिल्यात पलीकडच्या तालुक्यातून आणलेल्या अंड्यातून नुकत्याच निघालेल्या वीस अळ्या सोडल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात वनमालाबाईंच्या पऱ्हाटीवरच्या वीस-वीस. झाकणांना बारीक भोकं पाडली. डबे कपाटात बंद करून किल्ली सरपंचांकडे दिली. पाच दिवस. तोवर ढीग जाळायचा नाही, असं ठरलं.

त्या पाच दिवसांत ग्रामपंचायतीत जेवढी माणसं आली तेवढी निवडणुकीतही येत नाहीत. प्रत्येकाला कपाटाच्या काचेतून पाहायचं होतं, आणि बंद डब्यांवर पाहण्यासारखं काही नव्हतं. प्रणाली अजून माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. “डबे उघडले का?” एवढं रोज विचारायची.

पाचव्या दिवशी सरपंचांनी स्वतः झाकणं काढली. पहिल्या डब्यात सरपंचांचं विषाचं बोंड खाऊन पलीकडच्या तालुक्यातल्या अठरा अळ्या गलेलठ्ठ झाल्या होत्या. तिसऱ्यात वनमालाबाईंच्या अळ्या साध्या बोंडावर खुशाल होत्या. मधल्या डब्यात, त्याच विषाच्या बोंडावर, वनमालाबाईंच्या वीसही अळ्या मरून काळ्या पडल्या होत्या. केसाएवढ्या बारीक. उमऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून मोजल्या. मग पहिल्या डब्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, “ही जात आपल्याकडे आली तं?”

“वारा तिकडून इकडेच असतो,” डॉ. काझी म्हणाल्या. “येणारच आहे. येतेही आहे. तिला अडवायला या बाईंच्या पाच ओळी होत्या. आता एक बाजू उरली आहे.”

 सरपंच बाहेर आले. ओट्यावर बायकांमध्ये बसलेल्या वनमालाबाईंपुढे त्यांनी हात जोडले. सरपंचांचं वय सत्तरच्या घरात. सासूबाई एकदम संकोचून उभ्या राहिल्या, “असं नका करू भाऊ, मले पाप लागन.”

पुढचे दोन आठवडे माझं घर अळ्यांचं बाळंतघर झालं होतं. ढिगातल्या अळ्यांचे पतंग व्हावेत म्हणून तिथलं प्रत्येक किडकं बोंड हलक्या हाताने तोडून आणलं. ज्या बायकांनी पऱ्हाटी उपटली होती, त्याच पाट्या भरभरून देत होत्या. ओसरीत, पलंगाखाली, स्वयंपाकघराच्या माळ्यावर ताटं, परड्या, वर मच्छरदाण्या. चार वर्षं लोकांना किडकी बोंडं जाळायला सांगणारा माणूस आता त्यांना ऊन लागू नये म्हणून पडदे सारत होता. प्रणाली माझ्याशी पुन्हा बोलायला लागली ती याच धांदलीत. एका सकाळी तिने हाक मारली, “अहो, या लवकर!” परडीतल्या एका बोंडाला मोहरीएवढं भोक पडलं होतं, आणि मच्छरदाणीच्या आतून गव्हाच्या दाण्याएवढा एक तपकिरी पतंग वर चढत होता. पंखांच्या कडांना बारीक झालर. दोघंही गुडघ्यावर बसून पाहत राहिलो. ज्याला आपण जन्मभर शत्रू म्हटलं त्याचं रूप इतकं नाजूक असेल, हे मला पहिल्यांदाच दिसलं. एवढासा जीव, आणि लाखो वर्षांचा वाडवडिलांचा ठेवा पंखांखाली घेऊन फिरतो. त्यातलं एक अक्षर धड राहिलं म्हणून पाच गावांचा कापूस उभा होता.

पतंग सोडायला आम्ही दिवस कलताना गेलो. पाच गावांतली माणसं आली होती, एकमेकांच्या लग्नाला न जाणारीसुद्धा. मच्छरदाण्या उघडल्या. पतंग आधी काठावर बसून राहिले, मग एकेक करून ओळींवरून पसरत गेले. बारीकशी राख उडावी तसे. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण कुणी निघूनही गेलं नाही.

परतताना मी आणि सासूबाई मागे राहिलो. मला एक गोष्ट छळत होती. विचारलं, “मामी, सभेत तुम्ही तो प्रश्न विचारला, तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत होतं का?”

“उत्तर नाई माहीत. पण तुमी चुकता हे माहीत होतं. चौदा वर्सं पाहून राहिली न मी.”

“मग उपटलं कशाला? सांगायचं होतं मला.”

त्यांनी चालता चालता पायातला काटा काढला, चप्पल पुन्हा घातली. “ओळी पुढच्या सालीबी लावता येतात, जवाईबापू. जवाई चारचौघात सासूनं खोटा पाडला तं त्याचं मन घरात कसं लागन? माही पोरगी तुमच्या घरी हाये.”

 माझा मान राखायला या बाईने चौदा वर्षांची पुंजी दुपारभरात उपटली होती. त्या मानापायी पाच गावं बुडाली असती आणि मला कधी कळलंही नसतं.

“मामी,” मी म्हणालो, “असा मान मला नको. मी चुकलो तर तिथल्या तिथे सांगा. माइक असला तरी.”

त्या हसल्या आणि विषय बदलून डाळीच्या फोडणीवर गेल्या. मी समजलो, हे काही व्हायचं नाही. एका माणसाच्या सांगण्याने पिढ्यांची रीत सुटत नसते.

जूनमध्ये पेरणीच्या आधी पुन्हा ग्रामसभा भरली. या वेळी पाचही गावं एकत्र. सगळ्यांनी रेफूजीचं पाकीट लावायचं ठरलं होतं, ते कसं लावायचं हे सांगायला मला उभं केलं. माझी तयारी चांगली होती. ओळींतलं अंतर, झाडांतलं अंतर, फवारणी का नको, सगळं सांगितलं. लोक लिहून घेत होते. शेवटी एक शेतकरी म्हणाला की पेरणीच्या घाईत दोन-दोन कामं होत नाहीत, धुऱ्याकडचं बी मागाहून टाकलं तर? मी म्हणालो, “काही हरकत नाही. पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे चालेल.”

“नाई चालत.”

बायकांच्या बाजूने आवाज आला. वनमालाबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावर होता, पण आवाज सभेच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “जवाईबापू, तुमचं चुकलं. धुऱ्याकडचं उशिरा पेरलं तं फुलं उशिरा येतीन. वावरातली पाखरं आधी उडतीन, धुऱ्याकडची मागून. मंग त्याइची गाठ कशी पडन? एकाच दिवशी पेरा लागते.”

 सरपंचांनी मान खाली घातली. प्रणाली आईकडे पाहत होती, मग माझ्याकडे. भर सभेत सासूने जावयाला चूक म्हटलं, असं आमगव्हाणात यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

मी मनातल्या मनात तपासलं. त्यांचं बरोबर होतं, अगदी शंभर टक्के.

“मामी बरोबर सांगतात,” मी म्हणालो. “माझं चुकलं. पुढचं तुम्हीच सांगा.” माइक मी त्यांच्याकडे नेऊन दिला आणि खाली, लोकांत जाऊन बसलो. जावई झाल्याला अकरा वर्षं झाली होती. त्या गावात माझा एवढा मान कधीच झाला नव्हता.